शालन सिस्टर होणार होती

समस्त गल्लीकरांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते, की शालनच्या दारावरून जाताना दोन्ही हात खिशात ठेवावेत. मोकळा हात दिसला की ती नाडी बघते.

माझी तर रोज बघते. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, घड्या घालायच्या कामावर आहे. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवते आणि पहिलं वाक्य, “काका, हात.” मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे टक लावून ओठ हलवत मोजते. ते घड्याळ बंद आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. निकाल तसाही ठरलेला असतो. “घाबरायचं न्हाय. सगळं नॉर्मल हाय.”

कारखान्यात बिनडागी माल ‘फ्रेश’ आणि डागी माल ‘सेकंड’. माणसंही ती त्याच हिशेबानं तपासते. “काका, गुडगा सेकंडात गेला तुमचा. बाकी माल फ्रेश हाय.” आमची ही शेजारीच होती. म्हणाली, “डोकंही बघ गं जरा.” शालननं माझ्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि पावसापाण्याचा विषय काढला.

नवरा वारल्यापासून ती एकटी राहते. आई आजारी पडली तेव्हा माळशिरसकडच्या गावाहून तिला इथल्या एका दवाखान्यात आणलं होतं. शालन खाटेशेजारी बसून असायची. तिथली एक सिस्टर साऱ्या वॉर्डावर खेकसायची, पण सुई टोचायच्या आधी म्हातारीला विचारायची, “आजी, कुठल्या हाताला देऊ?”

आई गेली. दिवस झाल्यावर शालन परत आली आणि आमच्या उंबऱ्यात बसून म्हणाली, “काका, माज्या आईला जल्मात कुनी इचारलं न्हवतं वो, कुटल्या हाताला म्हनून. मी सिस्टर व्हनार.”

“या वयात?”

“बत्तीस म्हंजी काय वय हाय व्हय? पस्तिशीपतूर घेत्यात. मी इचारून आले की.”

दहावी तिची लग्नाआधीच झाली होती. आता बाहेरून बारावी करायची, त्यात इंग्रजी सोडवायचं, मग नर्सिंगचा अर्ज. दोन वर्षांत बारावी, म्हणजे चौतिसाव्याला आत. वर एक वर्ष शिल्लक, ‘अडीनडीला’.

इंग्रजीनं मात्र तिचा घाम काढला. निबंध ती घड्या घालता घालता पाठ करायची. एक वाक्य, एक टॉवेल. तपासायला समोरच्या टेबलावरची नरसम्मा. नरसम्माला तेलुगू बोलता येतं, मराठी समजतं आणि वाचता काहीच येत नाही. “मग चूक कळते कशी?” मी विचारलं. “मी अडाकले की ती टेबलावर हात आपटती. न अडाकता म्हनलं तर बरोबर!” या पद्धतीनं शालन आयुष्याच्या ध्येयावरचा निबंध असा काही सुसाट म्हणायला लागली, की शेवटचं वाक्य आणि शेवटचा टॉवेल एकदम पडायचा. ध्येय काय होतं ते मात्र ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

आणि ती पास झाली! माझ्या तोंडात पेढा कोंबला, मी दुसऱ्याला हात घातला, तर डबा मागं. “साकर वाडंल.”

प्रवेशाच्या चौकशीला मी सोबत गेलो. खिडकीतल्या बाईंनी शाळेचा दाखला पाहिला आणि सौम्यपणे म्हणाल्या, “ताई, तुम्हाला छत्तीस पूर्ण झालीत.”

“न्हाय वो. चौतीस.”

“दाखल्यावर छत्तीस आहे. आम्हाला दाखलाच बघावा लागतो.”

शालन बाहेर आली, पायरीवर बसली आणि सांगायला लागली. शाळा वस्तीपासून लांब, वाटेत ओढा. थोरला भाऊ शाळेला निघाला, ही मागं रडायला लागली. तिचे वडील, आबा, मास्तरांकडे गेले आणि पोरीचं वय दोन वर्षांनी वाढवून आले, दोघं एका वर्गात जावीत म्हणून. दाखला तिनं बारावीच्या अर्जालाही नुसता जोडला होता, त्यावरचं वय कधी वाचलंच नव्हतं. ती आपली आईनं सांगितलेलंच मोजत आली.

“आबांना सांगणार?” मी विचारलं.

तिनं दाखल्याची बारीक घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली.

पुढल्या रविवारी आबा आले, शेंगांचं पोतं घेऊन. आमच्या ओट्यावर ऐसपैस बसले. “गावात तवा एक पोरगी शाळेत न्हवती, पावनं. मी मास्तराला म्हनलं, लिवा दोन वर्सं जास्ती! म्हनून शिकली ही.” त्यांच्या डोळ्यांत असलं काही चमकत होतं, की माझ्या जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

“मग? कवा जायाचं त्या नर्सिंगला?”

शालन त्यांच्या खांद्यावरून घसरलेला टॉवेल उचलून घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, “नापास झाले, आबा. इंग्लिशमधी.”

मी तिच्याकडे बघितलं. तिनं मला डोळ्यांनीच दाबलं.

आबा तिच्या पाठीत एक जोरदार थाप घालून ओरडलेच, “आगं मग तोंड पाडून काय बसलीस? बस की फुडल्या वर्षी परत! वय कुटं पळून चाललंय तुजं?”