आर्माथ्वेट, मुक्काम पोस्ट धाड

हिवाळे मॅडम दर आठवडी बाजाराला टिकल्यांची पाकिटं विकत घेतात आणि त्यातली एकही टिकली आजवर त्यांच्या कपाळाला लागलेली नाही.

लाल, हिरव्या, मरून, चंदेरी. एकदा न राहवून जनरल स्टोअरवाल्या काकूंनी विचारलं, "मॅडम, तुमच्या घरात इतक्या टिकल्या लावते तरी कोन?"

"महाराष्ट्र," मॅडम म्हणाल्या आणि सुटे पैसे मोजून घेऊन निघाल्या.

ते खरंच होतं. मॅडमच्या पुढच्या खोलीत भिंतभर महाराष्ट्राचा नकाशा आहे. शाळेने नवा नकाशा घेतला तेव्हा जुना टाकून देणार होते, तो मॅडमनी घरी आणला. त्यावर टिकल्या चिकटवलेल्या. एका आडनावाला एक रंग. ते आडनाव जिथे जिथे राहतं, तिथे तिथे टिकली. रंग संपले तेव्हा त्यांनी आकार सुरू केले. आमच्या काळवाघे मंडळींना नागाच्या आकाराची टिकली मिळाली आहे. आम्ही सगळे मिळून बुलडाणा जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात वळवळताना दिसतो.

मॅडमनी मला आठवीत भूगोल शिकवला. आता त्या निवृत्त आहेत, लग्न केलं नाही, एकट्या राहतात, आणि त्यांच्या घराला लागून माझं मेडिकलचं दुकान आहे. त्यामुळे औषध घ्यायला येणाऱ्या माणसाची पहिली तपासणी त्याच करतात. "आडनाव?" त्या विचारतात. "मूळ गाव?" ताप, खोकला नंतर.

"बाप नाव ठेवते, भूगोल आडनाव ठेवते," हे त्यांचं ब्रीदवाक्य. माणूस नदीकाठचा की डोंगरावरचा, कोणत्या दुष्काळात उठला आणि कुठे जाऊन बसला, हे सगळं त्या आडनावातून काढतात. बरोबर निघालं तर विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतात. चुकलं तर म्हणतात, "तुमच्या आजोबाले नीट इचारा एकडाव."

आमच्या भागात आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लोक बिचकत. एकदा एक पाहुणा चिडून म्हणाला, "बाई, जातीचं काय घेऊन बसल्या?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "दादा, मी हिवाळे. बौद्ध. जिंदगीभर लोकायनं माहं आडनाव इचारलं अन् पुढं गप्प झाले. मी इचारते अन् तिथून बोलाले सुरुवात करते. फरक हाये." पाहुणा खाली बसला. मग चहा झाला. त्याच्या गावी आता एक जांभळी टिकली आहे.

तर या मॅडमच्या आयुष्यात आर्माथ्वेट आलं ते आराम साहेबामुळे.

आमच्या धाडहून बुलडाण्याकडे निघालं की गावाबाहेर एका कडुलिंबाखाली एक जुनं थडगं आहे. कोण्या इंग्रजाचं. दगडावर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं, बरंचसं झिजलेलं. फार पूर्वी कोणीतरी त्यातली पहिली अक्षरं 'आराम' अशी वाचली, आणि इंग्रज म्हणजे साहेबच, म्हणून तो झाला आराम साहेब. नावाला जागणं हे देवाला चुकत नाही, मेलेल्या साहेबाला कसं चुकेल? ज्याला झोप येत नाही त्याने आराम साहेबाला नारळ फोडायचा, अशी गावात पद्धत पडली. झोपेच्या गोळ्यांपेक्षा नारळ स्वस्त. माझा त्या दगडावर बराच राग होता.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने ठरवलं, की त्या कडुलिंबापाशी प्रवासी निवारा बांधायचा. मागणी रास्त होती. कॉलेजच्या पोरी, म्हाताऱ्या बाया तिथे उन्हात एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या. फक्त थडगं मधोमध येत होतं. ते काढायचं ठरलं.

ग्रामसभेत मॅडम उठल्या. "काढता काऊन? निवारा बाजूले घ्या ना."

सरपंच गजाननभाऊ भला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगान तं आयकू. पन हे हाये कोनाचं? वारस ना कोनी, मांगं इचारनारं ना कोनी. उद्या बाजूले घेतलं अन् लोकं म्हनले, बेवारस दगडासाठी जागा काऊन सोडली, तं मी काय सांगू? तुम्ही वारस आना. निवारा सरकवनं माह्याकडं लागलं. दिवाळीपावतर थांबतो."

सभा हसली. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिंबू, चिंधी आणि नारळाच्या शेंड्या घेऊन थडग्यापाशी बसलेल्या दिसल्या. दगड घासत होत्या. दुपारी दुकानात आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने.

"आराम नाई रे प्रकाश. आर्माथ्वेट! ई. आर्माथ्वेट."

"हे काय आडनाव हाये?"

"दुर्मिळ हाये! आपलं नशीब फळफळलं. अरे, हा स्मिथ असता तं मी मेली असती. स्मिथ म्हनजे तिकडचे जाधव-पाटील, कुठंकुठं शोधती? दुर्मिळ मानूस हरवला तं लवकर सापडते."

मग टिकल्यांची खरेदी दुप्पट झाली. महाराष्ट्राच्या शेजारी इंग्लंडचा नकाशा आला, आणि माझ्या दुकानातला वायफाय मॅडमच्या ताब्यात गेला. काउंटरवर कोपर टेकून, काच तडकलेल्या मोबाईलमध्ये डोकं घालून त्या बसत. गिऱ्हाईक क्रोसिन मागे आणि मॅडमकडून इंग्लंडचा इतिहास ऐकून जाई.

"थ्वेट म्हनजे काय? झाडं तोडून मोकळी केलेली जागा. आपलं वावर समज. इंग्लंडच्या पार उत्तरेले, कंब्रिया म्हनून भाग हाये. डोंगर, तळे, मेंढ्या. तिथं ह्या थ्वेटवाल्या गावायची रेलचेल. जसे आपल्याकडं खेड अन् वाडी. अन् आर्मा म्हनजे एकटा राहनारा साधू. एकट्या मानसानं काढलेलं वावर. आर्माथ्वेट."

मूळ गाव कंब्रियात. पुढे गिरण्या निघाल्या तशी काही घरं खाली यॉर्कशायरला सरकली. "आपले पुन्याले गेले तसे." काही बोटीत बसून कॅनडाला. नकाशावर वर एक टिकल्यांचा पुंजका, मध्ये एक, आणि कॅनडासाठी नकाशा नव्हता म्हणून एक टिकली भिंतीवरच्या पालीच्या वाटेत.

मग मॅडमनी जिथे जिथे आर्माथ्वेट सापडला तिथे मेल पाठवायला सुरुवात केली. बरेच दिवस काहीच आलं नाही. मग एका सद्गृहस्थाचं उत्तर आलं. मॅडमनी ते मला मराठीत करून ऐकवलं. भारतातून वारसाच्या शोधात आलेल्या मेल त्याने पूर्वीही पाहिल्या होत्या. आपण काही वेडे नाही, बँकेचा नंबर मिळणार नाही, आणि पुन्हा लिहिलंत तर पोलिसांना कळवू.

मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला. "मले लॉटरीवाली समजला बे तो! छत्तीस वर्षं पोरं शिकोले म्या!"

दोन दिवस त्यांनी वायफायला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मला दुकान बंद करायला लावून थडग्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "शूटिंग काढ." अंगावर इस्त्रीची पांढरी साडी. दगडाशेजारी ताठ उभ्या राहून त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. मी हिवाळे, निवृत्त शिक्षिका. मला तुमचा एक पैसा नको. तुमचं एक माणूस आमच्याकडे आहे, एवढंच सांगायचं आहे. भाषण चालू असताना मागून एक बकरी आली आणि नारळाच्या शेंड्या खाऊ लागली. मी म्हटलं, पुन्हा काढू. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. लॉटरीवाले बकरी ठेवत नसतात."

बकरीने काम केलं. यॉर्कशायरमधून हेलन नावाच्या बाईंचं उत्तर आलं. तुमच्या दगडावरची ती बहुधा आमची एलेन असावी.

'ती'. आराम साहेब बाई होती.

ग्रामपंचायतीत व्हिडिओ कॉल ठरला. आपली दुपार, तिकडची सकाळ. सगळं गाव लोटलं. पडद्यावर पांढऱ्या केसांची, लालबुंद गालांची हेलन आली. गजाननभाऊंनी घसा खाकरला आणि प्रथेप्रमाणे मॅडमच्याच थाटात विचारलं, "आडनाव?"

"आर्माथ्वेट," हेलन म्हणाली. टाळ्या पडल्या.

लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवलेली हेलन जन्मभर बस चालवून निवृत्त झाली होती. हे कळताच मागच्या रांगेतले आमचे एसटी ड्रायव्हर सोनुने उठून उभे राहिले आणि नमस्कार करून बसले. हेलन सांगत होती, मॅडम मराठीत करत होत्या. एलेन ही हेलनच्या पणजोबांची बहीण. परिचारिका होती. भारतात आली. तापाच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता गेली म्हणतात. घरात एवढंच ठाऊक, की ती इंडियाला गेली. पुढे कोणी काही बोलत नसे.

मग हेलन एक वाक्य बोलली आणि मॅडम थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला.

"काय म्हनते वो ते?" गजाननभाऊंनी विचारलं.

"काई नाई. तब्येत इचारते सगळ्यायची," मॅडम म्हणाल्या.

माझं इंग्रजी कच्चं आहे, पण औषधांच्या डब्या वाचून थोडं कळतं. हेलन म्हणाली होती, एलेनने लग्न केलं नव्हतं, म्हणून तिच्यामागे तिची आठवण काढायला कोणी उरलं नाही.

निवाऱ्याचा प्रश्न हेलननेच सोडवला. ती म्हणाली, लोकांना सावली मिळालीच पाहिजे, एलेन अडून बसणार नाही. पण फोटोवरून बघता तुमचा निवारा तिथे बांधलात तर बस वळणावर थांबेल आणि मागून येणारा ट्रक आदळेल. थोडा पुढे घ्या. सोनुने पुन्हा उभे राहिले. "मी हेच म्हनून राह्यलो होतो पयल्या दिवसापासून! आपल्या लोकायनं आयकलं का?"

निवारा पुढे सरकला. थडगं कडुलिंबाखाली राहिलं. आराम साहेबाची आराम बाई झाली, आणि गावाने ते फारसं मनावर न घेता नारळ चालू ठेवले.

थंडीत हेलन स्वतः आली. संभाजीनगरपर्यंत विमानाने आणि पुढे हट्टाने एसटीने. सोनुनेंच्या शेजारी, पुढच्या सीटवर. मॅडमच्या घरी आठवडाभर राहिली. मॅडमनी तिला ठेचा-भाकर खायला घातली आणि तिखट बाधलं तेव्हा गोळी घेऊन मला बोलावलं. टिकल्यांचा नकाशा बघून हेलनने आपल्या हाताने धाडवर एक सोनेरी टिकली लावली. आर्माथ्वेट, धाड. मग खूण करून विचारलं, तुमची कोणती? नकाशावर मॅडमनी स्वतःची टिकली लावलेलीच नव्हती. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. हेलनने पाकीट पुढे केलं. मॅडमनी बराच वेळ लावून साधी काळी निवडली आणि सोनेरीला लागून चिकटवली.

एक दिवस दोघी थडग्यापाशी सकाळपासून बसल्या होत्या. मी डबा घेऊन गेलो तेव्हा हेलन झाडाला टेकून घोरत होती. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. "उठवू नको. घरी झोप येत नाई म्हने तिले, नवरा गेल्यापासून."

आठवडा संपला आणि हेलन निघाली. नव्या निवाऱ्यात आम्ही तिघं उभे होतो. गाडी आली तशी हेलनने मॅडमना घट्ट मिठी मारली. भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर. मॅडम विजेच्या खांबासारख्या ताठ उभ्या राहिल्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मग एक हात हळूच वर आला आणि हेलनच्या पाठीवर, लहान पोराला थोपटावं तसा, दोनदा पडला.

हेलन खिडकीतून ओरडली, की वर्षभराने पुन्हा येते, नाहीतर तुम्ही तिकडे या. गाडी वळणाआड गेली. धूळ बसली. मॅडम निवाऱ्याच्या बाकावर बसून राहिल्या.

"चला मॅडम, घरी जाऊ."

"मोठी पंचाईत झाली रे प्रकाश."

"काऊन? काय झालं?"

त्या रस्त्याकडेच बघत होत्या. डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"आजपावतर मले कोनाची वाट पाहा लागत नव्हती," त्या म्हणाल्या. "आता पाहा लागन."