एडिटर विचारायचा, ठेवू की टाकू

"आठ दिवस दी आये, बाबांच्या बोटाक जीभ फुटतली," असं दत्तप्रसादने छाती ठोकून सांगितलं, तेव्हा श्रावण चालू होता. जत्रा कार्तिकात. म्हणजे हातात वेळ भरपूर होता, आणि घात तिथंच झाला.

कृष्णनाथ हे त्याचे वडील. तीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर. पेडण्याच्या स्टँडवर त्यांनी "पणजी" अशी हाक दिली, की बाजार करून घरी निघालेला माणूसही पिशवीसकट चढून बसायचा. त्याच आवाजात दर वर्षी ते देवळासमोर गावाचं गाऱ्हाणं घालत. मान त्यांच्या घराण्याचा. छत्तीस ओळी, आणि एकही कुठं लिहिलेली नाही. बापाचा आवाज थकला की त्याने थोरल्या मुलाला देवळापुढे उभं करून शिकवायच्या, त्याआधी नाही, ही रीत. मागे उभ्या गावाने प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दत्तप्रसादही लहानपणापासून म्हणत आला होता, पण त्याचं सगळं लक्ष जत्रेतल्या गोड खाज्याच्या दुकानाकडे. त्याला काय, गावालाही ओळी आठवत नव्हत्या. व्हय म्हणणाऱ्याला कशाला आठवतील?

कृष्णनाथांचा आवाज थकला नाही, एका सकाळी गेलाच. पक्षाघात. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, शब्द शाबूत आहेत, जीभ आणि उजवी बाजू गेली. डावीही लुळी पडली, त्या हाताचं एक बोट तेवढं धड राहिलं.

"तेंका पाटी दी रे पुता," प्रभावती म्हणाली. ती चहात उंडो पाव भिजवून नवऱ्याला भरवत होती. "बाराखडी लिवन दी. ते बोट दाखवतले, मी लिवन घेतय."

"आये, पाटी खंयच्या जमान्यातली?"

दत्तप्रसाद घरी बसून परदेशातल्या कंपनीचं काम करायचा, लिस्प नावाच्या भाषेत. त्या भाषेत सगळं कंसात लिहितात आणि त्या कंसात आणखी कंस असतात. गंमत म्हणजे ज्या एडिटरात, म्हणजे संगणकावरच्या लिहिण्याच्या साधनात, तो ते लिहायचा, तो एडिटरही बराचसा त्याच भाषेत बांधलेला. म्हणजे लिहिता लिहिता लिहिण्याचं साधनच बदलता येतं. भात टाकायला बसलेला माणूस आधी चूल नीट करायला घेतो, मग चुलीखालची जमीन, आणि घरची माणसं उपाशी. या लोकांची जातच ती.

खोटं कशाला बोला, आठव्या दिवशी त्या एडिटरातच बाबांसाठी लिहायची सोय झाली होती. पडद्यावर एकेक अक्षर सरकत जाई, हवं ते आलं की बोटाने कळ दाबायची. कृष्णनाथ खुर्चीत येऊन बसलेही. पण दत्तप्रसादला अक्षरं बारीक वाटली. मग रंग भडक वाटला. मग पुढचा शब्द एडिटरने आपणहून सुचवावा असं वाटलं. "बाबा, जरा थांबा," असं म्हणता म्हणता गणपतीची चवथ गेली, घटस्थापना झाली. देवळाचे मानकरी रघुनाथ येऊन दारात उभे राहिले.

"जत्रेक गाऱ्हाणा कोण घालतलो?"

"मी घालतलंय. बाबा लिवन देतत."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कृष्णनाथांनी वाट पाहणं सोडलं. मुलगा बाजूला बसून कंस रंगवत होता, त्यांनी सरळ कळीवर बोट आपटलं. तेव्हापासून रोज सकाळी एक ओळ, कधी दोन. घामाघूम होत, पण ओळ पुरी केल्याशिवाय उठत नसत. रीतीप्रमाणे देवळापुढे उभं राहायच्या आधी मुलाने ओळी वाचायच्या नव्हत्या, आणि दत्तप्रसादनेही ही एक रीत मात्र इमानाने पाळली.

जत्रेच्या आदल्या दिवशी, दुपारी, छत्तिसावी ओळ झाली. प्रभावतीने देवाजवळ गूळ ठेवला. दत्तप्रसादला वाटलं, उद्या देवळापुढे वाचताना एकेक ओळ मोठी होऊन पडद्यावर यावी. पाचच मिनिटांचं काम. त्याने तशी सोय केली आणि एडिटर बंद करून परत उघडला.

पडदा कोरा.

त्याने इकडे शोधलं, तिकडे शोधलं. कपाळाचा घाम कीबोर्डवर पडला.

"काय झाला?" प्रभावतीने विचारलं.

"सेव केलेला नव्हता."

"आनी तो विचारणा नाय? ठेवू की टाकू म्हणान?"

"विचारायचो. सारखो विचारायचो, म्हणान मीच बंद केलंय."

आपोआप प्रत ठेवण्याची सोयही एडिटरात होती. तीही त्याने काढून टाकली होती. त्याहून सुबक सोय तो स्वतः बांधणार होता, आणि ती बांधायची राहिली होती. महिनाभर एडिटर बंदच केला नव्हता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

कृष्णनाथ सगळं ऐकत होते. त्यांनी बोट उचललं. अक्षरं सरकू लागली, तिघं पडद्याकडे बघत राहिली. पुष्कळ वेळाने शब्द पुरा झाला. पाटी.

प्रभावतीने पाटीवर बाराखडी काढली. ते बोट दाखवत, ती दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून घेई. एडिटरवर एका ओळीला सकाळ लागायची, पाटीवर तासाभरात तीन झाल्या. दिवेलागणीपर्यंत सात झाल्या आणि बोट मांडीवर पडलं, ते काही केल्या उठेना. श्रावणात पाटी दिली असती तर सगळ्या छत्तीस ओळी आठ दिवसांत झाल्या असत्या, हे तिने मुलाला बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

जत्रेत दत्तप्रसादने सात ओळी म्हटल्या. गावाने सात वेळा व्हय म्हटलं. आठवीला तो गप्प उभा राहिला. कुणी खाकरलं. तेवढ्यात खुर्चीतून कृष्णनाथांच्या घशातून नुसता घोगरा आवाज निघाला, ओळीएवढा लांब. रघुनाथ हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग गावाने म्हटलं. अशा एकोणतीस ओळी झाल्या. दत्तप्रसाद बापाच्या तोंडाकडे कान लावून वाकला होता, पण त्याला त्यातला एक शब्द लागला नाही.

माघात कृष्णनाथ गेले. दिवस झाल्यावर दत्तप्रसादने एडिटर उघडला आणि पहिलं काम काय केलं, तर तो प्रश्न परत चालू केला. आता तो दर वेळी विचारतो, ठेवू की टाकू. हा दर वेळी ठेव म्हणतो, आत काही नसलं तरी.