जास्तीचा मंगळ

सकाळी सकाळी आईने मंगळ चारी बाजूंनी कापला, भांड्यांच्या खणात अंथरला आणि वर तेलाची बाटली ठेवून दिली.

तसं पाहिलं तर तिची चूक नव्हती. जेवणाच्या टेबलावर दोन मोठे फोटो पडले होते. दोन्हींत तीच तांबूस जमीन, तोच खड्डा, तीच दरड. आणि जोडीतला एक फोटो बाद करायचा, हे काम ती सध्या नेटाने करतच होती. घरातले सगळेच फोटो जोडीने होते. बाबांची ती खोड. एक फोटो काढायचा, एक पाऊल उजवीकडे सरकायचं आणि तोच पुन्हा काढायचा. "असू दे, एखादा बिघडला तर?" बिघडायचे दोन्ही, कारण दोन्हींच्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा आलेला असायचा. ते होते तोवर आईने यावरून त्यांना सळो की पळो केलं. आता ते नव्हते, आणि ती अल्बम घेऊन बसायची, प्रत्येक जोडीतला एक काढून रद्दीच्या पिशवीत टाकायची. "एकटीला एकेक पुरे," असं ती लेकीला म्हणाली होती, आणि लेकीने विषय बदलला होता.

लेक मंगळाच्या जमिनीचे नकाशे करायची. आतल्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज आला. "हो गं, दोन्ही फोटो घेऊन निघतेय. जपूनच आणते. छपाईचं मशीन बंद आहे, एक जरी हरवला तरी साहेबांना दाखवणार काय? ती उतरण सौम्य आहे हे त्यांना आज पटलं नाही, तर गाडी मंगळावर भलतीकडेच उतरवतील आणि माझं सगळं काम पाण्यात."

आई स्वयंपाकघरात धावली. तिने खण उघडला. खड्ड्याशेजारी तेलाचं छान गोल वर्तुळ उमटलं होतं.

पण दोन्ही फोटो सारखेच तर होते! तिने टेबलावरचा उरलेला फोटो उचलला आणि घरातल्या चपलांनिशी कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठलं.

"काय हो मावशी, बागेतली माती?" दुकानदाराने विचारलं.

"मंगळ आहे. रंगीत काढा, आणि लवकर."

लेक तयार होऊन बाहेर आली तेव्हा दोन्ही कागद फोटो न्यायच्या नळकांड्यात जाऊन बसले होते.

"दोन्ही घातलेस ना?"

"दोन्ही," आई म्हणाली. मोजायला गेलं तर ते खरंच होतं.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी लेक आली ती दोन भिंगांचं एक चौकोनी यंत्र काखोटीला मारून, आणि खुर्चीत कोसळली.

"काय म्हणाले साहेब?"

"या यंत्राला डोळे लावले आणि म्हणाले, वा, काय खोली आहे!"

"मग झालं की!"

"त्यांच्यामागून उपसाहेबांनी बघितलं. त्यांना तर म्हणे कड्यावरून बघून गरगरलं. मग मी बघितलं. आई, फरशीसारखं सपाट! मी तसं सांगून टाकलं."

"कशाला सांगितलंस? त्यांना पटलं होतं ना?"

"खोटं पटवून गाडी कशी उतरवू? साहेब लाल झाले. म्हणाले, मग मी बघितलं ते काय होतं? आता उद्या पुन्हा बोलावलंय. मलाच कळत नाहीये असं झालं कसं, म्हणून यंत्र घरी आणलं."

आई उठली. खणातली भांडी काढली आणि मंगळ लेकीपुढे ठेवला.

लेकीने त्या वर्तुळावर बोट टेकवलं, मग नळकांड्यातले दोन्ही कागद काढून त्यातला झेरॉक्स बाजूला केला.

"सारखेच होते गं दोन्ही," आई पुटपुटली.

"सारखे नसतात, आई! यानाने एक फोटो इथून काढला आणि थोडं सरकून दुसरा. त्या सरकण्यामुळेच उंची-खोली कळते. आपल्या दोन डोळ्यांसारखं. ये, बघ."

तिने खरी जोडी यंत्राखाली लावली. आईने भिंगांना डोळे लावले आणि झटकन मान मागे घेतली. "अगं बाई! पडले असते की!" मग पुन्हा बघितलं. "हा गोल खड्डा तर केवढा!"

"तो तेलाच्या बाटलीचा. खरा त्याच्या पलीकडे." लेकीला हसू फुटलं. "कडाच गेल्यात, उतरण शाबूत आहे. उद्या हाच नेते."

आई हसली नाही. "मुद्दाम सरकून काढतात?"

"मुद्दाम."

"एक पाऊल उजवीकडे?"

लेकीने यंत्रावरून मान वर केली. आई तोवर दाराशी पोचली होती. रद्दीची पिशवी तिने दोन्ही हातांनी ओढत आत आणली आणि फोटो जमिनीवर ओतले.

अल्बममधल्या फोटोंशी जोडी जुळवायला वेळ लागला. पहिली लागली ती डोंगराजवळच्या सहलीची. आईने डोळे लावले. समोर गवत उभं राहिलं, त्यामागे पाण्याची बाटली धरलेली ती स्वतः, तिच्यामागे डोंगर.

"अगं, मी बोलतेय!"

"एका फोटोत तुझं तोंड मिटलेलं आहे, दुसऱ्यात उघडं. म्हणून तसं वाटतं."

"झाला ना एकदा काढून, चला आता, बस सुटेल, असं म्हणत होते मी." ती भिंगांवर आणखी वाकली. "आणि यांचा अंगठा बघ कुठे गेलाय. पार डोंगराच्या मागे, चंद्र उगवल्यासारखा."

कॅमेऱ्याबरोबर जे सरकतं ते दोन्ही फोटोंत जागचं हलत नाही, आणि म्हणून डोळ्यांना सगळ्यात लांबचं भासतं. लेक हे सांगणार होती. तिने सांगितलं नाही.

"एवढ्या लांब जाऊन उभे राहिलेत," आई म्हणाली, "आणि तरी मधे बोट घातलंच."

मग बाहीने भिंगं पुसून तिने पुन्हा डोळे टेकवले. लेकीने पुढची जोडी सरकवली.

"आता तुझा अंगठा काढ बघू मधून," आई डोळे न उचलता म्हणाली.

लेकीचे दोन्ही हात केव्हाच मांडीवर होते.