तुलनेची कुंडी

मेश्राम मास्तरांपुढे सर्दी बरी झाली असं म्हणायची सोय नव्हती. "काढ्यानं उतरली," असं मी एकदा म्हणालो, तर माझ्या नाकाकडे रोखून बघत म्हणाले, "हौ, पन काढा न घेतलेलं नाक कोठं हाय? तुलनेले काय ठेवलं?"

बालाघाटच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वाटाण्याच्या दोन कुंड्या मांडायचे. एकीला खत, दुसरी तुलनेची. ही दुसरी विसरणाऱ्याला शून्य मार्क. आमच्या थोरल्यालाही मिळालं होतं, आणि शेजारधर्म वगैरे काही आडवा आला नाही.

घरीही तेच. डासांसाठी कडुनिंबाचं तेल आणलं, तर ते फक्त विमलवहिनींच्या हातापायांना. मास्तर तुलनेला कोरडे. सकाळी अंगभर गांध्या घेऊन आनंदानं सांगत यायचे, "तेल काम करते!"

मग वहिनींच्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "एक नवं औषध प्रयोगशाळेत उंदरांना लागू पडलंय. आता माणसांवर तपासतोय. निम्म्या बायकांना नेहमीच्या औषधासोबत ते देणार, निम्म्यांना नुसतं नेहमीचं. कोणाला काय, ते बंद पाकीट ठरवेल."

मास्तर खूश. पुढच्या खेपेला मी सोबत होतो, तर गोंदियापर्यंत छोट्या गाडीत अख्ख्या डब्याला समजावत होते, "याले म्हनतात प्रयोग! नाहीतर औषध उंदरापाशीच राह्यते."

वहिनींनी सही केली. डॉक्टरांनी पाकीट फोडलं. नुसतं नेहमीचं.

मास्तरांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "साहेब, हिले तुलनेले नका ठेवू. मले ठेवा."

"मास्तर, तुम्हाला आजार कुठे आहे?" डॉक्टर हळूच म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वहिनी मात्र शांत होत्या. "काहून त्यायचे हात धरता? पोरायले तुमीच सांगत होते ना, तुलनेच्या कुंडीलेही रोज तेवढंच पानी द्या लागते म्हनून? मग द्या मले पानी."

मास्तर उठले. व्हरांड्यातल्या माठातून पेला भरून निघाले. वहिनींपर्यंत पोचेतो निम्मं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं होतं.