ड्रेसिंग मटेरियल

जुन्नर तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात अठ्ठ्याण्णव सालच्या फाल्गुनात सर्व काही सुरळीत होतं, फक्त जखमेवर बांधायच्या पट्ट्या संपल्या होत्या. कार्यालयाच्या मते ही गंभीर बाब नव्हती. जखमा आल्याशिवाय पट्ट्या लागत नाहीत आणि जखमा यायला अजून अवकाश होता. चैत्र लागला की मात्र गावोगावच्या यात्रा, यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती, आणि शर्यतीच्या घाटातून, म्हणजे गाडे पळवायच्या चढणीवरून, जो धड घरी जात नाही तो थेट या विभागात. याची काळजी करणारं तिथे एकच माणूस होतं, ते म्हणजे औटी सिस्टर. डॉ. कर्पे यांचा पांढरा कोट रोज वेळेवर खुर्चीवर हजर असे. साहेब त्याच्या आत असतीलच असं नाही.

औटी सिस्टर हेडक्लार्क रखमाजींच्या मागे हात धुऊन लागल्या. रखमाजी सज्जन गृहस्थ. अख्ख्या नोकरीत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, कारण होता होईतो त्यांनी हाताला काही लागूच दिलं नव्हतं. पण सिस्टरांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी जिल्ह्याच्या भांडाराला फोन लावला. त्या काळी फोन लागणं हेच मोठं यश असे. समोरच्याला काय ऐकू गेलं याची चौकशी करणं म्हणजे हावरटपणा.

“ड्रेसिंग मटेरियल पाठवा,” रखमाजी खरखरीवर आवाज चढवून म्हणाले. “अपघात विभागाला. लई नड हाय, राव.”

पलीकडून विचारणा झाली, रंग कोणता? सरकार आता पट्ट्यांचाही रंग विचारू लागलं, म्हणजे सुधारणा आहे, असं रखमाजींना वाटलं. तुमच्याकडं असेल तो पाठवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि चहा मागवला.

माल आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आला. गठ्ठे सोडले तर आत ड्रेस मटेरियल. टॉप, सलवार आणि ओढणी असे सेट, पिकल्या आंब्याच्या रंगाचं सुती कापड आणि त्यावर हिरव्या कैऱ्यांची नक्षी. सोबतच्या पत्रात अपघात विभागातील कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची निकड विचारात घेऊन तातडीने कार्यवाही केल्याचं समाधान व्यक्त केलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, परत पाठवा. रखमाजींनी कानावर हात ठेवले. माल परत करायला कारण लागतं. मागणी केलीच नव्हती असं लिहावं, तर मागणी त्यांनी स्वतःच्या तोंडानं केली होती. भांडाराची चूक म्हणावी, तर भांडार वरिष्ठ, आणि वरिष्ठांच्या चुकीला चूक म्हणण्याची तरतूद नाही. तरी सिस्टरांसाठी म्हणून त्यांनी पुन्हा फोन केला. उत्तर आलं की मटेरियल नुकतंच दिलेलं आहे, ते वापरून संपल्याखेरीज नवं मिळणार नाही.

मग सिस्टर म्हणाल्या, कापड सुती आहे, फाडून, उकळून पट्ट्या करते.

“सिस्टर, सरकारी कापडाला कात्री लावायची ती शिवाया,” रखमाजी म्हणाले. “फाडायला न्हाई.”

सबब कापड शिवायला गेलं. बाजारपेठेतले शिंपी महंमद हनीफ यांनी आयुष्यात लग्नाचे सूट शिवले होते, पुढाऱ्यांचे सदरे शिवले होते, पण कैऱ्यांचा डॉक्टरी कोट प्रथमच शिवला. मंजुरी ‘कर्मचाऱ्यांसाठी’ होती, त्यात बाईमाणूस वेगळं काढलेलं नव्हतं. त्यामुळे डॉक्टरांना कोट आणि शिपाई सावळेराम याला बुशशर्ट झाला. या दोघांच्या वाट्याच्या ओढण्यांचं काय करावं, हा प्रश्न मार्गदर्शनासाठी वर पाठवण्यात आला आणि ओढण्या कपाटात कुलूपबंद झाल्या. किल्ली अर्थातच रखमाजींच्या कमरेला.

औटी सिस्टरांची सारी नोकरी पांढऱ्या साडीत गेली होती. पंजाबी ड्रेस अंगावर चढवला तेव्हा त्यांना पोरीबाळींसमोर जायची लाज वाटली, आणि पट्ट्यांची फडताळं रिकामी दिसली तेव्हा लाजेपेक्षा राग जास्त आला. पेशंट तर त्यांना ओळखेनासेच झाले. इंजेक्शन घेऊन गेल्या की लोक म्हणत, ताई, तुमचा पेशंट पलीकडच्या खाटेवर असंल. त्यातच पुण्याहून तपासणीला साहेब आले. आंब्याचा रंग पाहून रुग्णाला दुखण्याचा विसर पडतो, असा त्यांचा अभिप्राय पडला आणि यात्रेच्या दिवशी सर्वांनी संपूर्ण गणवेशात राहावं असा आदेशही निघाला. पट्ट्यांचं काय, असं सिस्टरांनी विचारलं. तो विषय भांडाराचा, असं साहेब म्हणाले.

यात्रेचा दिवस उजाडला. डॉ. कर्पे प्रमुख पाहुणे म्हणून घाटावर गेले. आंबा रंगाचा कोट त्यांनी खुर्चीवर ठेवला होता, म्हणजे विभाग वाऱ्यावर नव्हता. रखमाजी किल्लीसह घाटावर. एरवी नड पडली की सिस्टर नातेवाइकांना मेडिकलच्या दुकानात पिटाळत, पण दुकानदाराची स्वतःचीच बैलजोडी जुंपलेली, दुकानाला कुलूप.

दुपारी जीप आली. अवसरीच्या भगवंताच्या पायावरून गाड्याचं चाक गेलं होतं. नडगी उघडी पडलेली, रक्त फरशीवरून दाराकडे निघालेलं, आणि मागे वीसेक माणसं. त्याची आई ठकूबाई आत आली ती सिस्टर सिस्टर करत. औटी सिस्टर पायाला हात घालायला वाकल्या, तर म्हातारीनं त्यांना बाजूला सारलं.

“बाई, तू सरक. सिस्टरला बोलीव.”

“मीच सिस्टर.”

“मंग पांढरं कुटंय?”

सिस्टरांनी अंगावरची ओढणी ओढून काढली, दातांनी फाडली, घडी करून जखमेवर दाबली आणि उरलेल्या तुकड्यानं पाय करकचून बांधला. कैऱ्या भिजून लाल झाल्या, पण धार थांबली. भगवंत पांढराफटक पडला होता. सावळेरामाला बरोबर देऊन त्यांनी जीप तशीच पुण्याला पिटाळली. मग त्या फरशीवरचं रक्त पुसायला लागल्या.

त्या वीस माणसांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की, सिस्टर पुरुषमाणसांसमोर ओढणीवाचून उभी होती.

तक्रार झाली. पाठोपाठ नोटीस आली: सदर ओढणी हा गणवेशाचा अविभाज्य भाग असून तिची नासधूस केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. चौकशीची बैठक बसली. बैठकीला सगळे आले. गावकऱ्यांचं म्हणणं पडलं की साडी असती तर ही वेळ आली नसती. त्यावर कुणी म्हणालं, मग पदर फाडला असता तर? यावर पुष्कळ वेळ खल झाला. डॉ. कर्पे यांनी मध्यम मार्ग सुचवला की, ओढणीची लांबी वाढवावी, म्हणजे फाडूनही अंगावर काही शिल्लक राहील. पुण्याच्या साहेबांना सूचना फार आवडली. रखमाजींनी ती लिहून घेतली.

शेवटी औटी सिस्टर म्हणाल्या, “भगवंताचा पाय कसाय, हे कुणी विचारलं का?”

रखमाजींनी कागद चाळले.

“त्यो इषय आजच्या बैठकीत न्हाई,” ते म्हणाले.

वाचकहो, बैठकीला हसू नका. रंग आंब्याचा, नक्षी कैऱ्यांची आणि ओढणी कुणाच्या अंगावर, हे तुम्हीही मघापासून चवीनं वाचताय. जीप पुण्याच्या रस्त्याला लागली, त्यानंतर त्या पायाची आठवण तुम्हाला तरी कुठे झाली?

पाय वाचला. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगून ठेवतो.