प्रेमाचा सिनेमा उर्मीला बघायला आला

आमच्या कराडात सिनेमे माणसांना बघायला येतात आणि पसंत पडलेल्यांनाच स्वतःला दाखवतात. रडायचं असेल तर रडका सिनेमा येतो, कुणावर डोकं फिरलं असेल तर मारामारीचा. मारामारीचा फार चौकशा करत नाही, चहा पितो आणि हो म्हणतो. प्रेमाचा मात्र भारी चिकित्सक. आमच्या सोसायटीतली बरीच जोडपी त्यानं नाकारली, त्यातली काही तर लग्न झालेली होती.

माझी भाची उर्मी माझ्याकडेच राहते. दातांची डॉक्टर आहे. मोबाइलवरच्या ॲपवर तिला निनाद नावाचा मुलगा भेटला. बोलायला गोड, शर्टाला कडक इस्त्री. वर्ष होत आलं तरी आपलं नक्की काय चाललंय हे तिला कळेना. विचारलं की तो म्हणायचा, "बघू." मला त्या 'बघू'चा मनस्वी राग होता, पण पोरगी त्याच्यावर जीव टाकत होती. प्रेमाच्या सिनेमानं दोघांना पसंत केलं तर निदान काहीतरी ठरेल, म्हणून तिनंच सिनेमाला निरोप धाडला.

रविवारी निनाद आला, त्याच्या मागोमाग सिनेमा आला. सोबत मध्यंतरही होतं. मी पोहे केले होते, मध्यंतरानं ते पुन्हा मागून घेतले.

"मध्येच मोबाइल बघायची सवय?" सिनेमानं विचारलं.

"सोडलीय," उर्मी म्हणाली.

"दुःखाच्या प्रसंगी हसता?"

"फक्त नायक गात गात डोंगर चढायला लागला तर."

"तो दुःखाचा प्रसंग नाही."

"त्याच्या गुडघ्यांसाठी आहे."

सिनेमा निनादकडे वळला. "तुमचं दोघांचं ठरलंय ना? स्पष्ट विचारतो, राग मानू नका. न ठरलेल्यांना मी दाखवत नाही. त्यांच्यासाठी रहस्यपट आहे."

निनादनं चमचा बशीत ठेवला. "बघू," तो म्हणाला.

सिनेमा ताडकन उभा राहिला. "अभिनंदन! ताई, साखर आणा."

"अहो, तो नुसतं 'बघू' म्हणाला," मी म्हटलं.

"तेच तर. आमच्यात 'बघू' म्हणजे पक्का होकार. एवढा एक शब्द ऐकायला आम्ही जन्माला येतो. दिलेला शब्द फिरवता येत नाही."

उर्मीचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. मी साखरेच्या डब्यासाठी उठलेसुद्धा.

"एक मिनिट," निनाद घाईनं म्हणाला. "बघू म्हणजे तसं नाही."

"मग नाही म्हणा."

"नाही असंही नाही."

"मग?"

"बघू ना."

"दुसरा खेळही पक्का," सिनेमा म्हणाला. मध्यंतरानं टाळ्या वाजवल्या.

उर्मी मात्र निनादकडे बघत होती. "मी आवडते का तुला?" तिनं विचारलं.

"आवडतेस गं. पण लगेच त्याला नाव कशाला द्यायचं?"

"नावाशिवाय सिनेमा लागत नाही," सिनेमा म्हणाला.

उर्मीनं डोळे पुसले. "माझ्याकडून नाही," ती म्हणाली. "यानं शब्द दिलाय, याला दाखवा."

सिनेमानं ते नियमाप्रमाणे मान्य केलं आणि निनादला दंडाला धरून जिना उतरवला. लागोपाठ दोन खेळ, एकट्यानं, जोडप्यांच्या खुर्चीवर. "फोन करतो," निनाद वळून म्हणाला. "मोबाइल बंद," सिनेमा म्हणाला.

उर्मी हमसून हमसून रडली. मला वाटलं, आता रडका येणार. आला विनोदी. खाली पानाच्या टपरीवरच उभा होता म्हणे.

"हिची आज अवस्था बघताय ना?" मी म्हटलं.

"मला रडणारी माणसं चालतात, मावशी. फक्त शेवटपर्यंत उठायचं नाही."

त्यानं आमच्या हॉलच्या भिंतीवर स्वतःला दाखवलं. उर्मी नाक पुसत बघत राहिली, जागची हलली नाही. शेवटी नावं आली. नायिका म्हणून उर्मीचं नाव, भल्या मोठ्या अक्षरांत. खानपान व्यवस्थेत माझं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, 'पाहुणा कलाकार: निनाद'.

उर्मी इतकी मोठ्यानं हसली की शेजारच्यांनी भिंत ठोकली. विनोदी सिनेमानं मला वाकून नमस्कार केला.

"मुलगी पसंत आहे," तो म्हणाला.