मागचं सगळं दिसलं पायजे

भिमाच्या बायोडेटाला फोटो जोडायचा होता आणि गिताबाईंनी सकाळपासून तयारी मांडली होती. तयारी भिमाची नव्हे, भिमाच्या मागची. भिमाचं काय, एकतीस वर्षांचा चेहरा, एका सकाळीत तो असा किती सुधारणार? पण मागं नवा गुलाबी रंग दिलेलं घर दिसायला हवं, जर्सी गाय दिसायला हवी आणि गायीशेजारी ट्रॅक्टर. घर आणि गाय स्वतःची होती. ट्रॅक्टर शेजारच्या बिरदेवचा होता.

आधीच्या सहा स्थळांनी नकार दिला तो भिमाच्या मागं काही दिसलं नाही म्हणून, अशी गिताबाईंची पक्की खात्री होती. हे सातवं स्थळ केडगावचं. मुलगी सोनम, नर्सिंग झालेली. भिमाच्या आत्यानं, तुळजाबाईंनी, मोठ्या खटपटीनं आणलेलं. रविवारी ते लोक हो की नाही सांगणार होते, आणि हेही गेलं तर पोरगा जन्मभर असाच राहील या भीतीनं माउलीला आठ दिवस घास गोड लागत नव्हता.

बिरदेव ट्रॅक्टर द्यायला कुणालाच नाही म्हणायचा नाही. बॅटरी उतरलेली, इंजिन बंद केलं तर परत चालू होण्याची शाश्वती नाही, म्हणून तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि इंजिन चालू ठेवून वरच पेरू खात बसला.

फोटो काढायला भिमाची धाकटी बहीण हर्षदा होती. ती शिरूरला कॉलेजात जात असल्यामुळे तिला सगळंच कळत होतं. तिनं फोटो काढला आणि कुणाला न दाखवता थेट आत्याला पाठवला. मग आईला दाखवला.

"घर कुठं गेलं?" गिताबाईंनी विचारलं.

"ब्लर केलंय. पोर्ट्रेट मोड हाय आई. मागचं धूसर झालं की माणूस कसा उठून दिसतो."

"माणूस कुणाला बघायचाय बये!"

फोटोत मागं एक गुलाबी ढग होता, ते घर. काळापांढरा ढग ही गाय आणि निळा ढग हा ट्रॅक्टर. स्पष्ट दिसत होते दोघंच. एक भिमा, आणि दुसरी ऐनवेळी त्याच्या पायाशी येऊन उभी राहिलेली शेळी.

दुपारी तुळजाबाईंचा फोन आला. "वैनी, भिमाच्या डाव्या कानाला काय झालं वं?"

"काय व्हायचंय?"

"फोटोत न्हाईच की त्यो! ती लोकं इचारत्यात, जल्मापासनं न्हाई का अपघातात गेला?"

सगळ्यांनी फोटो डोळ्याशी धरून पाहिला. घराबरोबर मोबाईलनं भिमाचा एक कानही धुक्यात घातला होता. शेळीचे मात्र दोन्ही कान शाबूत होते.

"जाग्यावर हाय म्हणावं कान!" गिताबाई ओरडल्या.

"त्येंची म्हातारी म्हणती, घर दिसंना, कान दिसंना, आजून काय काय लपवलंय म्हणून."

मग व्हिडिओ कॉल झाला. भिमानं मान वळवून कान पुढं केला आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. केडगावच्या माजघरात पाच मिनिटं मोबाईलभर नुसता कान थिजून राहिला. म्हातारीनं तो चष्मा लावून तपासला आणि कान मंजूर केला. आता घर दाखवा, असा निरोप आला.

यावेळी गिताबाई स्वतः हर्षदाच्या मागं उभ्या राहिल्या. शेळी दाव्याला बांधली. "ती तुझी बिलर का फिलर बंद कर. मागचं सगळं दिसलं पायजे!"

"काकी, मी जाऊ का आता? डिझेल जळतंय," बिरदेव वरून म्हणाला.

"बस गुमान!"

हा फोटो इतका लख्ख आला की गायीच्या अंगावरच्या माश्या मोजाव्यात. ट्रॅक्टरवरचं 'बिरोबा प्रसन्न' दिसत होतं, फुटका उजवा दिवा दिसत होता, बिरदेवच्या हातातला पेरूसुद्धा दिसत होता. फोटो गेला आणि दुसऱ्या मिनिटाला ट्रॅक्टर बंद पडला तो पडलाच. अंगणातच राहिला.

रविवारी फोन वाजला.

"वैनी, ट्रॅक्टर कुणाचा?"

"आमचाच म्हणायचा."

"आवो, सोनमच्या बापानं चार फोटू पुढ्यात मांडल्यात. न्हावऱ्याचा पोरगा, मांडवगणची दोन, आन् आपला भिमा. चौघांच्या मागं ह्योच ट्रॅक्टर! त्योच फुटका दिवा!"

गिताबाईंनी अंगणातल्या ट्रॅक्टरकडं पाहिलं. तो मागून नेणाऱ्या आपण पहिल्या नव्हतो तर.

"आन् पैला फोटू आवडला व्हता वो पोरीला," तुळजाबाई रडकुंडीला आल्या होत्या. "म्हणली, ह्यो एकटाच बिनट्रॅक्टरचा हुबा ऱ्हायलाय, कान नसंना का."

गिताबाई मटकन ओट्यावर बसल्या. ज्या फोटोवरून त्यांनी हर्षदाला दोन दिवस शिव्या घातल्या, त्याच फोटोनं पोराचं लग्न जमत आलं होतं.

"मग आता वन्सं?"

"आता..." तुळजाबाई अडखळल्या. "त्या ट्रॅक्टरवर समद्या फोटूत एकच पोरगा बसलेला हाय. सोनम म्हणती, चौघांनी ज्येच्या जिवावर फोटू काढलं, त्यो कोण हाय त्ये इचारा. लगीन झालंय का त्येचं?"

बिरदेव अंगणात बॅटरीशी झटत होता. लग्न झालं नव्हतं. त्याचा बायोडेटासुद्धा नव्हता, कारण ट्रॅक्टर कायम दुसऱ्याच्या फोटोला गेलेला असायचा.

"त्येचा एक एकट्याचा फोटू पाठवा," तुळजाबाई म्हणाल्या. "मागचं काय दिसलं न्हाई तरी चालंल म्हणत्यात."

भिमानं सगळं ऐकलं होतं. त्यानं हर्षदाच्या हातातून मोबाईल घेतला. "ये बिरू, हुबा ऱ्हा."

बिरदेव लाजून लाल झाला. "ट्रॅक्टर येऊ दे का मागं?"

"नगं. ब्लर करतो. माणूस उठून दिसतो."

"कान बघ रं त्याचं," गिताबाई ओट्यावरून जड आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात दावं सोडवून शेळी आली आणि सोनमला आवडलेल्या पहिल्या फोटोतल्यासारखीच बिरदेवच्या पायाशी ऐटीत उभी राहिली. भिमाला ती दिसली. गिताबाईंनाही दिसली. दोघांपैकी कुणीच तिला हाकललं नाही.